हॅनोव्हर ते मुलुंड, व्हाया एक डबी

आमचा सीडी प्लेअर गेला. एकदम नाही गेला. आधी एखादी सीडी नाकारायचा, मग दोन-तीन, आणि गणपतीत त्याने सगळ्यांनाच नाही म्हटलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, लेझर गेलंय, पार्ट मिळायचा नाही." नातवाने सगळ्या सीड्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या, पण कॉम्प्युटर आणि आमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये आणखी एक डबी लागते म्हणे. तिचं नाव डॅक. साठवलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी. (अशी एक डबी कॉम्प्युटरच्या पोटातही असते, पण तिच्यातून आमच्याकडे गाण्यापेक्षा घरघर जास्त येत होती.)

बोरिवलीचा भाचा या विषयातला पक्का वेडा. तो तीन डब्या पिशवीत घालून मुलुंडला हजर झाला. एक स्वस्त, एक मधली, आणि एक अशी की तिची किंमत ऐकून मी त्याला आधी पाणी दिलं आणि मग स्वतः प्यायले.

आता मी पडले इतिहासाची शिक्षिका. वस्तू आली कुठून हे कळल्याशिवाय मला ती घरात घेववत नाही. (मिक्सर आणायला आम्हाला दोन महिने लागले होते ते याचमुळे.) म्हणून जरा वाचलं, आणि पहिल्यांदा सापडलं ते हॅनोव्हर.

1902 मध्ये फ्रेड गायजबर्ग कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर तिथलाच, कारखानाही त्याच घराण्याचा. कलकत्त्याला सियालदाचा कारखाना 1908 मध्ये निघाला, तोवर आपलं गाणं बोटीने जर्मनीला जायचं आणि तबकडी होऊन परत यायचं. आणि पहिल्या सीड्या ऑगस्ट 1982 मध्ये छापल्या गेल्या त्या लांगनहागेनला. हे गाव कुठे, तर हॅनोव्हरला अगदी लागून! ऐंशी वर्षांत गाडी त्याच स्टेशनात परत आली.

त्या सीडीवर एका सेकंदात आवाजाचे 44,100 नमुने असतात. हा विचित्र आकडा कुठून आला असेल? मला वाटलं काही गहन शास्त्र असणार. कारण निघालं फारच घरगुती. त्या काळी एवढे आकडे साठवायला व्हिडिओ टेपच काय ती सोयीची होती. टीव्हीच्या चित्राच्या एका रेघेत तीन नमुने बसवायचे. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत 245 रेघा, सेकंदाला 60 वेळा. युरोपच्या पद्धतीत 294 रेघा, 50 वेळा. कागद घेऊन गुणाकार करा, दोन्हीकडे 44,100 च येतात. मी करून पाहिला आणि उगाचच आनंद झाला.

दुसरी गंमत फिलिप्स आणि सोनीची. प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा यावर दोघांची ओढाताण. फिलिप्सचं म्हणणं 14 बिट, म्हणजे 16,384 पायऱ्या. सोनीचं 16 बिट, म्हणजे 65,536. सोनीचं म्हणणं मान्य झालं आणि 1 ऑक्टोबर 1982 ला त्यांचा पहिला प्लेअर जपानात विक्रीला आला. फिलिप्सची चिप मात्र 14 बिटांचीच तयार होती. मग त्यांनी काय केलं? नमुने चौपट वेगाने चिपमधून काढले आणि राहिलेली चूक माणसाला ऐकू येत नाही अशा उंच पट्टीत ढकलून दिली. तोकडं कापड आणि हुशार शिंपी! आज स्वस्तातल्या स्वस्त डबीतही ही युक्ती कुठल्या ना कुठल्या रूपात असते. मुख्य चिपा बनवणाऱ्या कंपन्याही मोजक्याच. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानात नोबेओका इथे त्यातल्या एकीच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा जगभरच्या डॅकवाल्यांना आपले आराखडे बदलावे लागले. भाच्याच्या स्वस्त आणि महाग डब्यांत एकाच कंपनीची चिप निघाली. बाकीचे पैसे पेटीचे, वीजपुरवठ्याचे आणि नावाचे.

"मावशी, असं नसतं, कानाने ऐक," भाचा म्हणाला. ऐकू की. पण बोर्डाचे पेपर तपासलेली बाई मी. नाव झाकल्याशिवाय उत्तरपत्रिका तपासायची नाही. व्होल्टमीटर लावून तिन्ही डब्यांचा आवाज सारखा केला, कारण जरा मोठं वाजलं की तेच गोड वाटतं. नातू पडद्यामागे डब्या बदलत होता. स्वस्त आणि महाग ओळखण्याचे दहा प्रयत्न केले, माझे पाच बरोबर आले. भाच्याचे सहा. तो म्हणाला खोलीत फार आवाज आहे. ते मात्र खरं. आमच्या खिडकीतून मध्य रेल्वे जाते.

पण माझ्या पाचाचं कारण रेल्वे नव्हे, हे मला माहीत होतं. मार्च महिन्यात कान तपासून घेतले होते. आलेखाची रेघ चार हजार हर्ट्झपर्यंत बरी चालते, मग घाट उतरावा तशी उतरते. आठ हजाराला जवळपास काही नाही. तानपुऱ्याच्या जवारीत वर-वर जी चमचम असते ती आता मला ऐकू येत नाही, आठवते. घरात कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी भाच्याला सांगितलं. तो जरा गप्प झाला आणि महाग डबी त्याने न बोलता पिशवीत ठेवली.

त्याच आठवड्यात आणखी एक वाचनात आलं. 78 च्या तबकड्यांवर, अगदी 1925 नंतर मायक्रोफोन आल्यावरसुद्धा, साधारण पाच हजार हर्ट्झपर्यंतच आवाज उतरायचा. घाटकोपरला आमच्या चाळीतल्या खोलीत वडिलांचा चावीचा ग्रामोफोन होता. सुई बदलायचं काम माझं. अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, मग उठून तबकडी उलटायची. म्हणजे वडिलांनी मला जे ऐकवलं, त्यातलं फारसं काही माझ्या कानाने अजून गमावलेलं नाही. हे कळल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन दोनदा चहा केला.

असो. घेतली ती मधली डबी, आणि कारण अगदी साधं. तिला प्रकाशाच्या तारेची सोय आहे. यूएसबीच्या तारेने जोडलं की कॉम्प्युटरच्या विजेची गुणगुण स्पीकरमध्ये येत होती (तेवढी मला ऐकू येते!). स्वस्त डबीला फक्त यूएसबीच होतं. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तारेतून फक्त उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे गुणगुण दारातच थांबली. शिवाय आवाजाला खरं गोल बटण आहे, चष्म्याशिवाय फिरवता येतं.

रात्री सगळे झोपल्यावर खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावली. खरखरीसकट. मध्ये कल्याणकडची एक लोकल गेली, तेव्हा एक जागा बुडाली. मी ठुमरी परत पहिल्यापासून लावली. यावेळी उठून तबकडी उलटावी लागली नाही.