गुरूचा कान आणि घरचा रियाज

कर्जतला शाळेत असताना मी आठ महिने व्हायोलिन शिकलो. दर रविवारी सकाळच्या लोकलने डोंबिवलीला जायचे, तासभर गुरुजींसमोर बसायचे आणि दुपारी परत यायचे. उरलेले सहा दिवस घरी एकट्याने रियाज. गुरुजींसमोर बरा निघणारा ‘सा’ घरी मात्र किरकिरत असे. शेजारच्या काकू खिडकी लावून घेत. अखेर घरात निर्णय झाला, “याच्या हाताला सूर नाही.” व्हायोलिन पेटीत गेले ते कायमचे. पुढे भौतिकशास्त्र शिकताना चंद्रशेखर वेंकट रामन यांचे व्हायोलिनवरील काम वाचनात आले, आणि तो निर्णय पुरेशा पुराव्याशिवाय झाला होता हे लक्षात आले.

आजही कर्जत-खालापूर भागातील अनेक मुले आठवड्यातून एकदाच शिक्षकांना भेटतात. त्यांची खरी अडचण घरच्या रियाजाची असते. ही अडचण आली कोठून, हे पाहण्यासाठी थोडे इतिहासात जाऊ.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे. पाणी भरायचे, पडेल ते काम करायचे, आणि गुरू सांगतील तेव्हा तंबोरा घेऊन बसायचे. यातले कष्ट आणि अन्याय आपण जाणतोच. पण या पद्धतीत एक मोठी सोय होती. शिष्य रियाज करी तेव्हा गुरू शेजारच्या खोलीत असत. सूर घसरला की आतून हाक येई. चूक हातात मुरण्याआधीच दुरुस्त होई. म्हणजे रियाज शिष्याचा असला तरी कान गुरूचा असे.

कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि १९०८ साली मुंबईत. ठरलेले वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आणि छापील पुस्तके यांमुळे सामान्य घरातील मुलामुलींनाही संगीत खुले झाले. ही फार मोठी सामाजिक क्रांती होती. मात्र तास संपल्यावर विद्यार्थी आपापल्या घरी जाऊ लागला, आणि ‘घरचा रियाज’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथे जन्मला. स्वरलिपीच्या पुस्तकाने विद्यार्थ्याची स्मरणशक्ती घरी नेली, पण गुरूचा कान शाळेतच राहिला.

त्याच बाळकृष्णबुवांचे दुसरे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतुबुवा. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गायक म्हणून आणि व्हायोलिनवादक म्हणूनही नावाजले. गजाननबुवांचे गाण्याचे पहिले गुरू वडीलच असल्याने गुरूचा कान घरातच होता. असे भाग्य किती जणांना लाभणार? इतरांच्या घरी हा कान कसा न्यायचा?

व्हायोलिनच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट आहे. हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर निघतो. व्हायोलिनवर पडदे नाहीत, म्हणून डाव्या हाताला स्वराची जागा शोधावी लागते. आणि उजव्या हातातील गज नीट चालला नाही, तर जागा बरोबर असूनही सूर लागत नाही.

गज तारेवर नेमके काय करतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी उलगडले. त्यांचा ध्वनिविषयक ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. राळ लावलेले केस तारेला चिकटून तिला ओढत नेतात, मग तार निसटते, मागे येते आणि पुन्हा चिकटते. सूर स्वच्छ असेल तर प्रत्येक आवर्तनात एकदाच चिकटणे आणि एकदाच निसटणे घडते. तारेची वारंवारिता सेकंदाला ४४० असेल, तर हा खेळ सेकंदात ४४० वेळा चालतो.

पुढचा महत्त्वाचा टप्पा कलकत्त्यात घडला. रामन १९०७ ते १९१७ सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला होते. कचेरीच्या आधी आणि नंतर ते बऊबाजार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत काम करीत. गजाने छेडलेल्या तारांवरचा त्यांचा मोठा प्रबंध १९१८ साली निघाला, आणि १९२० साली त्यांनी यंत्राने व्हायोलिन वाजवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या यंत्रात गज स्थिर ठेवून व्हायोलिनच एकसारख्या वेगाने पुढेमागे सरकवले जाई. त्यामुळे दाब, वेग आणि गजाची जागा यांपैकी एकच गोष्ट बदलून बाकीच्या कायम ठेवता येत. सूर टिकवण्यासाठी कमीत कमी किती दाब लागतो, हे त्यांनी मोजले. गज ब्रिजच्या जवळ नेला की हा दाब झपाट्याने वाढतो. वेग वाढवला तरीही वाढतो.

अमेरिकेतील जॉन शेलेंग यांनी १९७३ साली याला दुसरी मर्यादा जोडली. दाब फार कमी असेल तर तार एका आवर्तनात दोनदा निसटते आणि पोकळ, शिटीसारखा आवाज येतो. दाब फार जास्त असेल तर तार वेळेवर सुटत नाही आणि करकर ऐकू येते. या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यात सूर असतो. ब्रिजजवळ हा पट्टा अरुंद होत जातो, दूर गेल्यास रुंदावतो.

हे सारे एखाद्या पालकाला किंवा शाळेतल्या शिक्षकाला कशासाठी हवे? कारण ‘वाईट वाजते’ या तक्रारीचे आता तीन साध्या प्रश्नांत रूपांतर करता येते. गज ब्रिजच्या फार जवळ सरकला का? दाब कमी की जास्त? वेग मध्येच बदलला का? शिटी आणि करकर यांतला फरक संगीत न शिकलेल्या आईलाही ऐकू येतो. शिटी आली तर दाब थोडा वाढव किंवा वेग कमी कर. करकर आली तर दाब हलका कर. असे सांगणारे कोणी शेजारी बसले, तर गुरूच्या कानाचा एक अंश घरी आला असे समजावे.

जपानमधील शिनिची सुझुकी यांनी नेमके हेच हेरले. १९४६ साली मात्सुमोतो येथे सुरू केलेल्या त्यांच्या कामात पालकाने मुलासोबत तासाला बसावे, स्वतःही थोडे शिकावे आणि घरी मुलाचा सराव घ्यावा, अशी योजना होती.

स्वराच्या जागेसाठी तानपुरा हा उत्तम परीक्षक आहे. तानपुऱ्याचा सा २४० आणि आपला २४३ असेल, तर सेकंदाला तीन ठोके ऐकू येतात. जसजसे जुळत जावे तसतसे ठोके मंदावतात आणि अखेर थांबतात. मुलाला हे एकदा ऐकवले की आपली चूक ते स्वतःच ओळखू लागते.

किती वेळ वाजवावे? अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यातून ‘दहा हजार तास’ हा आकडाच लोकांच्या लक्षात राहिला. पण २०१९ साली असाच अभ्यास पुन्हा केला गेला, तेव्हा उत्कृष्ट आणि चांगल्या वादकांच्या तासांत फरक आढळला नाही. एरिक्सन यांचा भर मुळात एका नेमक्या त्रुटीवर लक्ष देऊन, विश्रांती घेत केलेल्या सरावावर होता. लहान मुलाने चुकीच्या दाबाने तासभर घासण्यापेक्षा पंधरा मिनिटे मोकळ्या तारेवर एकच गोष्ट तपासणे बरे.

आपल्या भागासाठी एक सूचना. माथेरान आणि बोरघाटाच्या पायथ्याशी पावसाळाभर हवा ओलीचिंब असते. ओलाव्याने केस लांबतात. याच गुणावर सोश्यूर यांनी १७८३ साली केसाचा आर्द्रतामापक वर्णिला होता. गजाचे घोड्याचे केसही पावसाळ्यात सैल पडतात आणि लाकडी खुंट्या फुगून अडकतात. तेव्हा आवाज बिघडला तर मुलाला दोष देण्याआधी वाद्य पाहावे. वाजवून झाल्यावर गज सैल करून ठेवावा.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. एखाद्या विद्यार्थ्याला व्हायोलिन आणायला सांगून एकच तार ब्रिजपासून तीन वेगवेगळ्या अंतरांवर वाजवून घ्यावी, आणि कोठे किती दाब लागला याची नोंद मुलांकडून करवून घ्यावी. रामन यांचे यंत्र आपल्याकडे नसले तरी एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची त्यांची पद्धत आपल्या हाती आहे. ती मला दहाव्या वर्षी कोणी दाखवली असती, तर मी मोठा वादक झालो असतो असे नाही. पण ते व्हायोलिन आठ महिन्यांत पेटीत गेले नसते.