फर्माईश वाचणाऱ्या आवाजाची कुळकथा

रेडिओवर गाणी लावणाऱ्या आणि दोन गाण्यांच्या मध्ये बोलणाऱ्या माणसाचं कूळ शोधायला गेलं की बहुतेक जण थेट अमेरिकेत पोचतात. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये मार्टिन ब्लॉक हा निवेदक एका गाजलेल्या खटल्याच्या बातम्यांमधला रिकामा वेळ तबकड्या वाजवून भरत होता. ऐकणाऱ्याला एखाद्या नृत्यगृहात बसल्यासारखं वाटावं असं तो बोलायचा. त्याच्याही आधी, १९२७ मध्ये, लंडनच्या बीबीसीवर ख्रिस्तोफर स्टोननं तबकड्यांचा कार्यक्रम सुरू केला होता. हे सगळं खरं आहे. पण तेरणा साखर कारखान्यामुळे धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्हाभर ठाऊक असलेल्या ढोकीसारख्या गावात हा आवाज पोचला तो वेगळ्या वाटेनं, आणि त्या वाटेवर तबकडीइतकंच महत्त्व पोस्टकार्डाला होतं.

१९४८ पर्यंत ढोकी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. हैदराबादेत एका खासगी हौशी केंद्रापासून सुरू झालेलं प्रसारण ३ फेब्रुवारी १९३५ रोजी निजाम सरकारनं आपल्या ताब्यात घेतलं आणि ‘डेक्कन रेडिओ’ संस्थानचा आवाज झाला. त्याची मुख्य भाषा उर्दू. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठातही उर्दू. त्या राजवटीत या भागातल्या मराठी माणसानं उर्दूचा जाच सोसला, पण त्यातून त्याचा कान मात्र तयार झाला. पुढे सोप्या हिंदुस्थानीत बोलणारा निवेदक आला तेव्हा मराठवाड्याला तो परका वाटला नाही, त्याचं एक कारण मला इथे दिसतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं, हे निजामानं स्वतः याच रेडिओवरून सांगितलं. १ एप्रिल १९५० पासून हैदराबाद केंद्र आकाशवाणीकडे आलं.

आता नावांची गोष्ट. या कुळकथेचा गाभा नावांतच आहे. रेडिओवर कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाचं नाही, या प्रश्नातून हा पेशा घडत गेला.

१९४९ चा ‘महल’ हा चित्रपट आठवा. त्यातलं लता मंगेशकरांचं गाजलेलं गाणं तबकडीवर आलं तेव्हा गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असं छापलं होतं. हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. तेव्हाची रीतच तशी होती. गाणं रेडिओवर लागलं आणि केंद्राकडे पत्रं येऊ लागली की ही गाते कोण? केंद्रानं तबकडी काढणाऱ्या कंपनीला विचारलं आणि लताबाईंचं नाव हवेतून जाहीर केलं. म्हणजे एका पार्श्वगायिकेला तिचं नाव मिळालं ते श्रोत्यांच्या पत्रांमुळे आणि ते मोठ्यानं उच्चारणाऱ्या निवेदकामुळे. गायक, संगीतकार, गीतकार, चित्रपट असा जो क्रम आज आपण गाण्याआधी सहज ऐकतो, तो असा झगडून मिळालेला आहे.

पुढचा झगडा चित्रपटाच्या नावावरून झाला. १९५२ साली पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि सिनेसंगीतानं लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवरची सिनेगीतं कमी झाली. शिवाय चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे फुकट जाहिरात, म्हणून ते घ्यायचं नाही असं ठरलं. निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच मागे घेतली. केसकरांना नुसतं खलनायक ठरवणं मला पटत नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला. सुगम संगीताला आकाशवाणीत जागा मिळाली तीही त्याच काळात, आणि १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकारानं ‘गीतरामायण’ सुरू झालं तेही त्याच वातावरणात. गदिमा आणि सुधीर फडके यांची ५६ गीतं वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक अशी घरोघर गेली. तरीही एका गोष्टीत केसकर हरले. श्रोत्याच्या पसंतीला त्यांनी दार लावलं आणि श्रोता खिडकीतून कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे गेला.

ढोकीपासून कोलंबो सरळ रेषेत तेराशे-चौदाशे किलोमीटर. पण लघुलहरींना जमिनीवरच्या अंतराचं फारसं ओझं नसतं. त्या वर जातात, आयनांबराच्या थरावरून परततात आणि शेकडो किलोमीटरवर पुन्हा खाली उतरतात. मध्यमलहरींचं उलट. दिवसा त्या वातावरणाच्या खालच्या आयनित थरात शोषल्या जातात, म्हणून दूरचं मध्यमलहरी केंद्र भरदुपारी खरखरतं आणि रात्री उघडतं. महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी कोलंबोत उभारलेला बलाढ्य प्रक्षेपक रेडिओ सिलोनला मिळाला होता. त्यामुळे परदेशातलं केंद्र मराठवाड्यातल्या गावात आपल्या देशातल्या केंद्राइतकं, कधी त्याहूनही स्वच्छ लागायचं.

३ डिसेंबर १९५२ ला त्या केंद्रावर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होते मुंबईचे अमीन सयानी, वय वर्षं वीसही पूर्ण नाही. मेहनताना आठवड्याला २५ रुपये. संहिता लिहायची, बोलायचं, पत्रं उघडून तपासायची, सगळं त्यांनीच. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि फिती विमानानं कोलंबोला जायच्या. सुरुवातीला ती स्पर्धा होती. सात गाणी लावायची, श्रोत्यांनी त्यांचा कालक्रम लावून पाठवायचा, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रं आली आणि पुढे आठवड्याची पत्रं ६५,००० वर गेली. एवढी पत्रं तपासणं अशक्य झालं म्हणून स्पर्धा सोडून लोकप्रियतेची ‘पायदानं’ आली.

सयानींच्या भाषेचं मूळही सांगण्यासारखं आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेनं ‘रहबर’ हे पाक्षिक चालवत. नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसांसाठी, सोप्या हिंदुस्थानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत. अमीन त्यात लहानपणापासून हातभार लावत. नवसाक्षराला कळेल अशी भाषा वापरायची ही शिस्त त्यांना तिथे लागली. म्हणूनच गीतमालेच्या एखाद्या बुधवारी रात्री दिल्लीचा वकील आणि मराठवाड्यातला ऊस तोडणारा मजूर एकाच माणसाचं बोलणं तितक्याच सहज समजू शकत होते. गोड गळे पुष्कळांकडे असतात. ही शिस्त दुर्मीळ होती.

आकाशवाणीनं चूक उमगून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढली. कवी नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. सिनेगीतं परतली आणि सोबत फर्माईश आली. मराठी केंद्रांवर तिचं नाव ‘आपली आवड’. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूरहून जाहिरातीही सुरू झाल्या. आता घराघरात, पारावर, टपरीवर, पंपाच्या खोलीत ट्रान्झिस्टर होता. त्याचा परवाना काढून दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे, आणि त्याच पोस्टातून कार्ड घेऊन गाण्याची मागणी लिहायची. कार्डावर गाण्याचं नाव एका ओळीत मावायचं. बाकी जागा आई-वडील, भावंडं, गल्लीतले मित्र, एखाद्या श्रोता संघाचे सगळे सभासद आणि शेवटी ‘मुक्काम पोस्ट ढोकी, जिल्हा उस्मानाबाद’ असा पत्ता यांनी भरून जायची. झारखंडातलं झुमरी तलैया हे अभ्रकाचं गाव देशाला कळलं ते असल्या कार्डांमुळेच.

निवेदकाचं खरं कसब लागायचं ते इथेच. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. पुढची तबकडी चढवेपर्यंत जेमतेम अर्धा मिनिट हातात. तेवढ्यात वीस नावं, चार गावं, चित्रपट, गायक, संगीतकार हे सगळं बसवायचं. घाई जाणवू द्यायची नाही आणि एकाही नावाचा उच्चार चुकवायचा नाही. रोमन लिपीतल्या पत्त्यावरून ढोकीची ‘धोकी’ झाली की ते गाव त्या दिवशी रेडिओवरून नाहीसंच व्हायचं. म्हणून चांगला निवेदक ध्वनिमुद्रणाआधी कार्डं हातात घेऊन गावांची नावं विचारून घेई. गाण्याचं श्रेय गायकाला जातं, ते योग्यच आहे. पण कुणी कधी पाहिलेलंही नसेल अशा गावाचं नाव आदरानं उच्चारणं हेही एक गाणंच आहे, असं मी मनापासून मानतो.

आणि या सगळ्यांची नावं घेणाऱ्याचं स्वतःचं नाव? आकाशवाणीत बराच काळ उद्घोषकानं आपलं नाव सांगण्याची रीत नव्हती. तो केंद्राचा आवाज होता. मुंबई केंद्रावर बाळ कुडतरकरांसारख्यांना लोक नावानं ओळखत, पण तो अपवाद. व्यापारी रेडिओनं निवेदकाला नाव दिलं, आणि २००१ नंतर खासगी एफएम वाहिन्यांनी ते नाव मोठ्या फलकांवर चढवलं. तिथे फर्माईश मात्र मागे पडली. गाण्यांची यादी संगणकात आधीच ठरलेली आणि आरजेचं काम त्यांच्यामधल्या जागा भरण्याचं. २००६ च्या धोरणानंतर सामुदायिक रेडिओ वाढला. २००८ पासून सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ वाहिनीवर गावातलीच माणसं निवेदन करू लागली, तेव्हा गावांची नावं पुन्हा योग्य उच्चारांत ऐकू आली.

आज ढोकीतल्या एखाद्या मुलीला हा पेशा पत्करायचा असेल, तर सर्वांत जवळचं दार धाराशिवच्या आकाशवाणी केंद्राचं, वीस-पंचवीस किलोमीटरवर. लेखी परीक्षा, मग स्वरचाचणी, मग ‘वाणी’ हा प्रशिक्षणवर्ग. त्यातून पार पडली की ती नैमित्तिक उद्घोषक होते. महिन्याला साधारण सहा ड्यूट्या, मानधन ड्यूटीवर, निवृत्तिवेतन नाही. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून पुष्कळ जण शिकवणी, दुकान किंवा शेती सांभाळून हे करतात. थोडे पुण्याच्या खासगी वाहिन्यांकडे जातात. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले तेव्हा अशा नैमित्तिक उद्घोषकांनी आपापल्या केंद्रावरून त्यांची आठवण जागवली. सहा ड्यूट्यांवर हे काम टिकवून धरणाऱ्या या माणसांना नियमित नोकरी मिळायला हवी, आणि ती मागणी त्यांनी एकट्यांनीच करत राहावी हे बरोबर नाही.