शब्दांवाचून बंदी

गाण्यावर बंदी येते ती बहुधा त्यातील शब्दांमुळे. शब्द बोचरे वा अश्लील असले की वडीलधाऱ्यांचे डोळे वटारले जातात. पण जिच्यात एकही शब्द नाही अशा धुनेला दाराबाहेर उभे केले, असे ऐकले तर? १९५८ साली अमेरिकेत तसे घडले. धुनेचे नाव 'रंबल' आणि वादक लिंक रे. पंक आणि हेवी मेटल या नावांचा जो दणदणाट आपल्याही घरांतील मुले ऐकतात, त्याच्या मुळांशी हा कैलासवासी गिटारवादक आहे. म्हणून हे स्मरण.

लिंकचा जन्म २ मे १९२९ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील डन या गावी, गरीब घरात झाला. आपली आई शॉनी या मूळ अमेरिकन जमातीची, असे तो सांगे. आठव्या वर्षी एका कृष्णवर्णीय फिरत्या वादकाने त्याला गिटारची गोडी लावली. पुढे कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात असताना क्षयाने त्याला गाठले. वर्षभर रुग्णालयात काढून अखेर एक फुप्फुस गमवावे लागले. यापुढे गाणे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. श्वास अर्धा झालेल्या या माणसाने मग सारा जोर तारांवर काढला.

व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्ग येथे तरुणांच्या नाचाच्या कार्यक्रमात एका प्रचलित गाण्याची फर्माईश आली. लिंकला ते येत नव्हते. भाऊ डग याने ठेका धरला आणि लिंकने तिथल्या तिथे स्वतःचेच काही रचले. श्रोत्यांनी त्याच रात्री ते पुनःपुन्हा वाजवून घेतले. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मात्र तो रंग येईना. आवाज फारच स्वच्छ! तेव्हा लिंकने पेन्सिल घेतली आणि ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याच्या पडद्याला भोके पाडली. फाटक्या पडद्यातून निघाली ती घरघरच त्याला हवी होती.

आपल्या रसिकांना हे विचित्र वाटू नये. तंबोऱ्याच्या तारेखाली धागा सरकवून आपण जवारी खुलवतो, ती तरी काय? नितळ सुरात मुद्दाम आणलेला झणत्कारच. लिंकचा प्रकार दांडगा, एवढेच. पुढे 'पॉवर कॉर्ड' म्हणून जो स्वरमेळ गाजला आणि जो रूढ करण्याचे श्रेय लिंकला देतात, त्यात षड्ज आणि पंचम हे दोनच स्वर असतात. फाटक्या आवाजात गांधार मिसळला तर चिखल होतो. षड्ज-पंचम मात्र खांबासारखे उभे राहतात.

तबकडी काढणाऱ्या आर्ची ब्लेयर यांना ही धून मुळीच रुचली नाही. त्यांच्या सावत्र मुलीला ती आवडली, म्हणून ती निघाली. 'रंबल' म्हणजे पोरांच्या टोळ्यांची हाणामारी. ही धून ऐकून पोरे खरोखरच हातघाईवर येतील, या धास्तीने न्यूयॉर्क, बोस्टन येथील नभोवाणीवर तिला मज्जाव झाला. तरी खपाच्या यादीत ती सोळाव्या क्रमांकापर्यंत चढलीच. मी शिक्षक आहे. वर्गातील गलक्यातले शब्द कळेनासे झाले की आम्हां मास्तरांना अधिकच धास्ती वाटते. शब्दाला उत्तर देता येते. नुसत्या नादाला काय देणार?

पुढची वंशावळ थोडक्यात सांगतो. 'रंबल' नसते तर आपण गिटार हाती घेतलीच नसती, असे इंग्लंडचा पीट टाउनशेंड म्हणे. लंडनच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ साली पात्याने कर्ण्याचा पडदा चिरला. मिशिगनमध्ये शिकणारा इगी पॉप ही धून ऐकून अभ्यासातून मनाने उठला, तो उठलाच. त्याच्या 'स्टूजेस'च्या पाठोपाठ १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये 'रामोन्स' आले आणि पंक रूपाला आले: मोजके स्वर, दोन-अडीच मिनिटे, नटवेपणा नाही. दुसरी शाखा बर्मिंगहॅमची. तेथील टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोके १९६५ साली कारखान्यात तुटली. प्लॅस्टिक वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, १९७० साली 'ब्लॅक सॅबथ'ची पहिली तबकडी आली, आणि पुढे तारा सैल करून त्याने सूर खर्जात नेला. हेवी मेटलचा पाया हा.

लिंक ५ नोव्हेंबर २००५ रोजी कोपनहेगन येथे वारला. राष्ट्राने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या २००८ सालच्या यादीत अमेरिकेने 'रंबल'ची नोंद केली. जिला नभोवाणीने दार लावले, ती आता सरकारी दप्तरखान्यात सुखरूप आहे. या दिवाळीत शेजारच्या खोलीतून तसली घरघर ऐकू आली, तर दार लोटून घेण्यापूर्वी घटकाभर कान द्यावा. षड्ज-पंचम तरी ओळखीचे निघतील.