कुंडीतील बटाटा व रताळे : नावांच्या अदलाबदलीचा इतिहास

शहरी घरांच्या गच्चीवर कुंडीत अथवा गोणीत बटाटा व रताळे लावण्याचा प्रघात आता पुष्कळ ठिकाणी दिसतो. उपवासालाही दोन्ही चालत असल्याने ती जवळची भावंडे असावीत, असा समज सहज होतो. वस्तुतः बटाटा वांगी-टोमॅटोच्या कुळातील, तर रताळे गणेशवेलीच्या कुळातील आहे. दोन्ही मूळची अमेरिका खंडातील. पण मराठीत त्यांची नावे ज्या रीतीने रुजली, ती अभ्यासकाची दिशाभूल करणारी आहे.

'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांमार्फत मराठीत आला. त्याचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेत असून तेथे तो रताळ्याचा वाचक होता. अँडीज पर्वतातील बटाट्याला केचुआ भाषेत 'पापा' म्हणत. युरोपात ही दोन नावे एकमेकांत मिसळली. दुसरीकडे 'रताळे' हा शब्द संस्कृत 'रक्तालू'शी जोडला जातो. गुजरातीत 'रताळू' म्हणजे आजही जांभळे कोनफळ. रताळ्याला तेथे 'शक्करिया' हे वेगळेच नाव आहे. तेव्हा मराठीत जुन्या कंदाचे नाव परदेशी कंदाला मिळाले, असे मानणे सयुक्तिक ठरते. रताळ्याचे नाव बटाट्याकडे गेले आणि कोनफळाचे रताळ्याकडे! केवळ नावाच्या संस्कृत वळणावरून रताळे प्राचीन भारतीय ठरविणे त्यामुळे टिकत नाही.

हाच गोंधळ इंग्रजी साधनांतही आहे. सर टॉमस रो १६१५ ते १६१९ या काळात जहांगीरच्या दरबारी वकील होते. त्यांचे धर्मोपदेशक एडवर्ड टेरी यांनी असफखानाच्या मेजवानीचे वर्णन करताना 'पोटॅटो'चा उल्लेख केला असून तो भारतातील बटाट्याचा पहिला पुरावा म्हणून वारंवार दिला जातो. तथापि जॉन जेरार्ड यांच्या १५९७ च्या वनस्पतिग्रंथात नुसता 'पोटॅटो' म्हणजे रताळे. बटाट्याला ते 'व्हर्जिनियाचा पोटॅटो' म्हणतात. बटाटा तेव्हा युरोपातही बागेतील नवलाईच होता. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस यांना १५८८ मध्ये व्हिएन्ना येथे त्याचे अवघे दोन कंद मिळाले होते. अशा काळातील इंग्रज प्रवाशाचा 'पोटॅटो' हा रताळे असण्याचाच संभव अधिक.

शब्दांनी जे झाकले, ते कुंडीत उघड होते. बटाटा हे जमिनीखालील खोड आहे. त्याच्या डोळ्यांतून कोंब फुटतात आणि खोडातून निघणाऱ्या आडव्या फांद्यांच्या टोकांना कंद धरतात. म्हणून गोणीची कड दुमडून ती अर्धीच भरतात व रोप वाढेल तशी मातीची भर देत जातात. ही भर उजेडही अडवते. उघडा पडलेला बटाटा हिरवा व विषारी होतो. रताळे मात्र फुगलेले मूळ आहे. ते वेलाच्या तुकड्यांपासून लावतात. थराथराने भर देऊन त्याचे पीक वाढत नाही, त्याला आरंभापासून खोल, भुसभुशीत माती लागते. खताचा, विशेषतः नत्राचा, अतिरेक झाला तर दोन्हींत पाला माजतो, इतकेच साम्य.

खरा भेद तापमानाचा आहे. बटाट्याचे कंद सुमारे १५ ते २० अंश सेल्सिअसला उत्तम धरतात. ३० अंशांपुढे कंदधारणा जवळजवळ थांबते. म्हणून पुण्याच्या गच्चीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेली गोणी साधते, रत्नागिरीच्या अंगणात तीच बहुधा पाल्यावर भागवते. रताळ्याला उष्मा मानवतो. हा निकष टेरींच्या उल्लेखाला निर्णायकपणे लावता येत नाही, कारण उत्तर हिंदुस्थानचा हिवाळा बटाट्याला पोषक आहे. तेथे जेरार्ड यांच्या शब्दप्रयोगाचाच आधार घ्यावा लागतो. सुरतेपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावरील सतराव्या शतकातील नोंदी वाचताना मात्र शब्द आणि हवामान ही दोन्ही प्रमाणे रताळ्याकडेच बोट दाखवितात.