बहिरमची यात्रा आणि न्यूरेंबर्गचा नाताळ बाजार

डिसेंबर लागला की वऱ्हाडात हल्ली दोन बाजारांची चर्चा ऐकू येते. एक आपला, बहिरमचा. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात २० डिसेंबरच्या सुमारास ही यात्रा सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. दुसरा बाजार दूरचा. अमरावती-अकोल्याची जी मुलंमुली नोकरीनिमित्त जर्मनी-ऑस्ट्रियात गेली, त्यांचे आईवडील हिवाळ्यात नातवंडांना भेटायला जातात आणि न्यूरेंबर्ग, ड्रेस्डेन, व्हिएन्नाच्या नाताळ बाजाराचे फोटो घरच्या ग्रुपवर येऊन पडतात. लाकडी टपऱ्या, पिवळे दिवे, मागे चर्चचा उंच मनोरा आणि पुढे कानटोपीतले अब्बा-अम्मी.

मुस्लिम घरांत या फोटोंबरोबर एक प्रश्नही येतो. दुसऱ्यांच्या सणाच्या बाजारात जावं का? हाच प्रश्न बहिरमबद्दल कधी विचारला गेल्याचं मला आठवत नाही. बहिरम आपल्या पायाखालचं, म्हणून त्याला फतवा लागला नाही. परदेशातल्या बाजाराला मात्र लागतो. म्हणून या दोन्ही बाजारांचा इतिहास शेजारी ठेवून पाहायला हवा.

उकाझचा दाखला

इबादत आणि बाजार यांच्या नात्याची चर्चा इस्लामच्या अगदी पहिल्या पिढीत झालेली आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात हजच्या हंगामात मक्केच्या परिसरात उकाझ, मजन्ना आणि जुल-मजाज असे तीन बाजार भरत. उकाझ तर कवींच्या चढाओढीसाठी गाजलेला. इस्लाम आल्यावर लोकांना शंका पडली, जाहिलियतच्या काळातल्या या बाजारांत हजच्या दिवसांत देवघेव करणं गुनाह तर नाही ना? सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास यांची रिवायत आहे. त्यानुसार सूरह बकराची १९८वी आयत याच संदर्भात उतरली आणि हजच्या मोसमात रोजी शोधण्यात काही गुनाह नाही, हे स्पष्ट झालं.

आयत हजच्या काळातल्या व्यापाराबद्दल आहे. परधर्मीयांच्या सणाबाबत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत आणि तो निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एवढंच दिसतं की, बाजाराची जुनी ओळख पुसून टाकावी, असं त्या पिढीला वाटलं नाही. उकाझ पुढेही बरीच वर्षं भरत राहिला.

सुगी आणि मटण

युरोपातल्या नाताळ बाजाराची सुरुवात आज दिसते तशी सजावटीच्या वस्तूंपासून झाली नव्हती. व्हिएन्नाच्या व्यापाऱ्यांना डिसेंबरात बाजार भरवण्याची सवलत १२९६ साली मिळाली. बाउट्झेन गावाला १३८४ मध्ये राजा वेन्सेस्लासने नाताळपर्यंत मांसाचा मुक्त बाजार भरवण्याची परवानगी दिली. ड्रेस्डेनचा प्रसिद्ध 'श्ट्रिट्झेलमार्क्ट' १४३४ चा, आणि तोही नाताळच्या आदल्या दिवशी भरणारा मांसाचाच बाजार होता. कारण सोपं आहे. पीक घरात आलेलं, पुढे बर्फाचे महिने, त्यात नाताळआधीचे उपवास संपून सणाचं जेवण करायचं. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे असण्याचे हेच दिवस.

आता बहिरम पाहा. ही यात्रा भैरवनाथाची. मूर्तीला लोणी आणि शेंदूर वाहतात. यात्रेची वेळ मात्र शेतीच्या गणिताशी जुळणारी आहे. कापूस वेचून झालेला किंवा वेचणी चालू, ज्वारी काढणीला आलेली, तूर भरात. वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या खिशात पैसा खुळखुळतो तो याच महिन्यात. म्हणून बैलांचा बाजार, शेतीची अवजारं, घोंगड्या, भांडी, सगळं तिथे आलं. आणि खाण्याचं म्हणाल तर गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि मातीच्या हंडीत शिजवलेलं मटण. आजही बहिरमचं नाव काढलं की निम्म्या वऱ्हाडाला आधी हंडी आठवते, मग देव.

इथे आपल्या उरुसांचा एक वेगळेपणा लक्षात घ्यावा लागेल. उरूस हिजरी तारखेने होतो. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे उरूस ऋतूंमधून फिरत राहतो. कधी तो ऐन सुगीत येतो, कधी पेरणीच्या तोंडावर. बहिरम आणि नाताळ बाजार मात्र हंगामाला बांधलेले आहेत.

सुधारकांचा हात

धर्मसुधारकांनी दोन्हीकडे बाजार बदलले. स्ट्रासबर्गमध्ये डिसेंबरात संत निकोलसच्या नावाने बाजार भरत असे. शहर प्रोटेस्टंट झालं आणि संतांच्या नावाचा बाजार धर्मोपदेशकांना खुपू लागला. १५७० मध्ये नगरपरिषदेने तो बंद केला आणि त्याच्या जागी बाळ येशूच्या नावाने नवा बाजार सुरू केला. नाव बदललं, दुकानं राहिली.

बहिरमला नवसापोटी मोठ्या प्रमाणावर पशुबळी दिले जात. गाडगेबाबांनी त्याविरुद्ध कीर्तनांतून लोकांना समजावलं आणि देवापुढची ती प्रथा बंद पडली. बाबांचं निधन २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ झालं, म्हणजे बहिरम सुरू होण्याच्या दिवसांतच. बळी थांबला, हंडी राहिली. बाबांचा आक्षेप देवाच्या नावाने होणाऱ्या हिंसेला आणि कर्ज काढून केलेल्या नवसांना होता. कोणी कोणाच्या शेजारी दुकान मांडावं, याला त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

खाण्याचा प्रश्न

मुलाबाळांसह नाताळ बाजारात जाणाऱ्या मुस्लिम कुटुंबाला थोडी सावधगिरी बाळगावी लागते. 'ग्लूवाइन' म्हणजे मसाले घालून गरम केलेली दारू. तिच्या शेजारीच 'किंडरपुन्श' मिळतं, ते फळांच्या रसाचं, बिनदारूचं. तरी विचारून घ्यावं. न्यूरेंबर्गचे बोटाएवढे सॉसेज डुकराच्या मांसाचे असतात. भाजलेले चेस्टनट आणि साखरेत घोळलेले बदाम मात्र बिनघोर खावेत.

आणि 'लेबकूखन'. न्यूरेंबर्गची ही मसालेदार बिस्किटं मध्ययुगापासून प्रसिद्ध आहेत. त्यांत दालचिनी, लवंग, वेलदोडा, आलं, जायफळ असतं. यातलं काहीही जर्मनीत पिकत नाही. मलबारचा आणि पूर्वेकडच्या बेटांचा मसाला अरब आणि गुजराती जहाजांतून तांबड्या समुद्रात, तिथून अलेक्झांड्रियाला, पुढे व्हेनिसला आणि आल्प्स ओलांडून न्यूरेंबर्गला पोहोचत असे. नाताळचा वास म्हणून युरोप जो ओळखतो, त्यात मुसलमान खलाशांची आणि व्यापाऱ्यांची काही शतकांची मेहनत मुरलेली आहे.

चौकाखालचा इतिहास

न्यूरेंबर्गचा बाजार ज्या मुख्य चौकात भरतो, तिथे पूर्वी ज्यूंची वस्ती होती. नोव्हेंबर १३४९ मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सने ज्यूंची घरं पाडून तिथे चौक करण्याची आणि सिनेगॉगच्या जागी मेरीचं चर्च बांधण्याची परवानगी शहराला दिली. ५ डिसेंबर १३४९ रोजी तिथे कत्तल झाली. मृतांच्या नोंदीत ५६२ जण आहेत. बाजारासाठी ऐसपैस जागा मिळाली ती अशी. आज त्या चर्चच्या दर्शनी भागावर १५०९ सालचं घड्याळ आहे. रोज दुपारी बारा वाजता सात राजपुरुषांच्या बाहुल्या सिंहासनावरच्या सम्राटाला फेऱ्या घालतात आणि खाली पर्यटक मोबाईल वर करून उभे असतात. तो सम्राट म्हणजे हाच चौथा चार्ल्स.

या शहरातल्या नाताळ बाजाराचा सर्वांत जुना पुरावा १६२८ चा आहे. १८९८ मध्ये बाजार मुख्य चौकातून हलवला गेला होता. १९३३ साली नाझींनी तो वाजतगाजत परत आणला, तेव्हा त्या चौकाला हिटलरचं नाव देण्यात आलं होतं. पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, जर्मन सरकारने एक फर्मान काढलं. १ जानेवारी १९३९ पासून ज्यूंनी दुकान चालवायचं नाही आणि कुठल्याही बाजारात किंवा जत्रेत माल मांडायचा नाही. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. युद्धात शहर बेचिराख झालं, बाजार बंद पडला आणि १९४८ मध्ये पुन्हा भरला.

या बाजाराचं उद्घाटन 'क्रिस्टकिंड' म्हणून निवडलेली एक तरुणी करते. २०१९ मध्ये हा मान १७ वर्षांच्या बेनिग्ना मुन्शीला मिळाला. तिचे वडील मूळचे भारतीय. एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या वंशावरून टोमणा मारला. शहर तिच्या बाजूने उभं राहिलं, पोस्ट काढून घ्यावी लागली आणि बाजाराचं उद्घाटन तिनेच केलं. शहरं इतिहासातून शिकू शकतात, त्याचा हा छोटासा पुरावा.

आपल्या जत्रा कोणाच्या?

अकोला जिल्ह्यातलं पातूर जुन्या सरकारी कागदांत 'पातूर शेख बाबू' या नावाने येतं. शेख बाबूंच्या दर्ग्याचा उरूस आणि हिंदूंची जत्रा, दोन्हींची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये एकाच गावाच्या नावाखाली आहे. वऱ्हाडातल्या जत्रांमध्ये बांगड्यांचं दुकान मणियाराचं, कल्हई लावणारा मुसलमान, गाद्या-रजया भरून देणारा पिंजारी, फळं बागवानाची, अत्तर-सुरमा अत्ताराचा. सवाष्णीच्या हातातला चुडा मणियाराने भरावा, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आणि उरुसात नारळ, फुलं, रेवड्या विकणारे किती हिंदू असतात, हे कुठल्याही दर्ग्याच्या पायऱ्यांवर उभं राहून मोजता येतं.

हे आता गृहीत धरता येत नाही. २०२२ मध्ये कर्नाटकच्या किनारपट्टीवर मंदिरांच्या जत्रांतून मुस्लिम दुकानदारांना हटवण्याची लाट आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी घालणारा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द केला. मढीचा ठराव आणि १९३८ चं फर्मान यांची बरोबरी मी करणार नाही. एकामागे अख्खी राजसत्ता होती, दुसऱ्याला शासनाच्याच अधिकाऱ्याने अडवलं. पण दोन्हींचा विषय एकच आहे: जत्रेत पाल कोणी ठोकायचं.

ज्याचं पाल उठवलं जातं, त्याच्यासाठी हा वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो. फिरत्या दुकानदाराचं वर्ष दहा-बारा जत्रांवर चालतं. दोन जत्रा गेल्या की मुलीची फी थकते, सावकाराचं व्याज चढतं. आणि गावाचंही नुकसान होतं, कारण जत्रेत भेटणारा अनोळखी माणूस हीच कित्येकांची दुसऱ्या धर्माशी झालेली पहिली ओळख असते.

म्हणून दूरच्या नाताळ बाजारात जाणाऱ्यांनी खुशाल जावं. हलाल-हराम पाहून खावं, लेबकूखनची चव घ्यावी आणि दुपारी बारा वाजता चर्चच्या घड्याळाकडे पाहताना पायाखालची जमीनही आठवावी. आणि इथे राहणाऱ्यांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, या जानेवारीत बहिरमला जावं, येत्या उरुसाला पातूरला जावं, आणि जे वर्षानुवर्षं पाल ठोकत आले त्यांच्याकडून चार वस्तू घेऊन यावं. ग्रामसभेत ठराव येईल तेव्हा हात वर करायचा की नाही, हे तिथल्या ओळखीच ठरवतात.