मोटारीची बोली

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी सरकारी नोकरांची वसाहत. तेथे उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीत चालकाच्या गुडघ्याजवळ वाकून पाहावे; सोळा पिनांचा एक लहानसा सॉकेट दिसेल. त्याचा इतिहास कॅलिफोर्नियाच्या धुरातून सुरू होतो.

पूर्वी इंजिनावर देखरेख करणारा संगणक प्रत्येक कारखान्याची निराळी बोली बोलत असे. मिस्त्रीने दर कंपनीचे वेगळे यंत्र घ्यावे, नाहीतर गिऱ्हाईक परत पाठवावे! 1996 साली अमेरिकेने एकच सॉकेट व एकच संकेतावली सक्तीची केली. ‘पी 0301’ म्हणजे पहिल्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही, मग गाडी कोणाचीही असो. तारेवरून बोलण्याच्या रीती मात्र पाच उरल्या. 2008 पासून तेथे बॉशची ‘कॅन’ ही एकच राहिली. दिल्लीत ही स्वयंतपासणी 2010 च्या एप्रिलात ‘भारत स्टेज 4’बरोबर आली.

कायद्याला चिंता धुराची. ब्रेक, एअरबॅग यांची नव्हे. त्यांच्यासाठी 2006 साली आंतरराष्ट्रीय मानक झाले खरे, 22 क्रमांकाने विचारावे, 62 ने उत्तर यावे. पण त्या उत्तराचा अर्थ पुष्कळदा कारखान्याच्याच कपाटात असतो. म्हणून धुराचा दोष अचूक सांगणारा कोपऱ्यावरचा मिस्त्री ब्रेकचा दिवा लागला की गाडी कंपनीकडे न्यायला सांगतो.