ग्रीक नाकाचा गुन्हा

ठाकूरद्वार नाक्यावरून धोबीतलावमार्गे चालत निघाले तर अर्ध्या तासात जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या फाटकाशी पोहोचता येते. गिरगावातल्या कित्येक चित्रकारांची हीच वाट. तिथे काय शिकवले गेले, यावर मात्र हल्ली ठरलेला निकाल ऐकू येतो: प्लास्टरचे पुतळे उतरवणे, कोळशाने छायाप्रकाश घोटणे, तैलरंगाचे थर देणे ही सारी साहेबाने लादलेली नक्कल. तिने हात तयार होतो आणि कल्पना मरते.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही. 1857 साली शाळा निघाली तेव्हा कारागिरांचे हात सुधारणे हा तिचा मोठा हेतू होता. शेजाऱ्याचा चेहरा नीट पाहण्याआधी मुले ग्रीक देवाचे नाक काढू लागली, हेही खरे. कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख हॅवेल यांनी पाश्चात्त्य नमुने बाजूला सारून चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांना बळ दिले, तेव्हा मुंबईने आपली वाट सोडली नाही. पण नमुना परका म्हणून सरावही फुकट, हे अनुमान टिकत नाही.

पुतळ्यासमोर बसलेला विद्यार्थी करतो काय? डोळे किलकिले करतो. बारकावे गळतात, उजेड-सावलीचे दोन-तीन मोठे तुकडे उरतात. प्लास्टर पांढरे, त्यामुळे रंग फसवायला येत नाही. सावलीचा सर्वांत गडद पट्टा उजेडाच्या सीमेलगत असतो. त्यापलीकडे भिंतीवरून परतलेला उजेड सावलीला थोडी फिकट करतो. नवशिका हा परतीचा उजेड हमखास वाढवून ठेवतो आणि गोल गाल पत्र्यासारखा दिसू लागतो. ही चूक एकदा दिसू लागली की ती ग्रीक गालावर दिसते तशी मावशीच्या गालावरही दिसते. (हा सराव रटाळ करून टाकणारे शिक्षकही झाले, त्यांचे वकीलपत्र मी घेतलेले नाही.)

तैलरंगाचेही तेच. जलरंगातले पाणी उडून जाते. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. म्हणून खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे. उलट केले तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि चित्र तडकते. यात साम्राज्य शोधणाऱ्याने आधी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडावे.

सावळाराम हळदणकर याच तालमीतले. मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातली त्यांची दिवा घेतलेली स्त्री अनेकांना रविवर्म्याचे तैलचित्र वाटते. ते जलरंगातले आहे, मॉडेल त्यांची मुलगी. आडोशाला धरलेल्या बोटांतून झिरपणारा लालसर उजेड खोडून दुरुस्त करायची सोय जलरंगात नसते. डोळ्याचा हिशेब आधीच पक्का असावा लागतो.

हे वास्तववादी होते, असे म्हणून त्यांना बाद करणाऱ्यांनी वासुदेव गायतोंडे यांचे काय करायचे ते सांगावे. गिरगावच्या चाळीत वाढलेले गायतोंडे 1948 मध्ये जे.जे.ची पदविका घेऊन बाहेर पडले. पुढे त्यांच्या कॅनव्हासवर आकृती उरलीच नाही. रोलरने चढवलेला आणि सुरीने काढून टाकलेला रंग, आणि थरांखालून वर येणारा उजेड, एवढेच. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइमने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. कुठला थर किती वाळला आहे हे न कळणाऱ्याच्या हातून अशा खरवडण्यात फक्त चिखल होतो.

मग चित्रकार एम. एफ. हुसेन यांचे नाव येते: त्यांनी कुठे पुतळे घोटले? न घोटोत. पण त्यांनी सिनेमाची होर्डिंग रंगवली, आणि होर्डिंगचे काम चालायचे चौकटी आखून, छोटे चित्र मोजून मोठे करत. प्रमाण आणि दुरून दिसणारी सावली तिथेही चुकवून चालत नसे. फरक इतकाच, की तिथे परीक्षक रस्त्यावरून जाणारा होता.

तक्रार नमुन्याबद्दल असेल, तर ती मला मान्य आहे. ग्रीक मस्तके काढा आणि घारापुरीच्या त्रिमूर्तीचा साचा वर्गात ठेवा. कोळसा मात्र तोच राहू द्या, आणि मधल्या मुखाच्या जाड ओठाखालची सावली मुलांना दोन आठवडे काढायला लावा.